आमच्या लोकांचा घसा

“हा घसा कोणाचा धरलाय?” सर विचारायचे, आणि नवा माणूस हमखास फसायचा. घाईघाईनं फाइल उघडून पेशंटचं नाव वाचून दाखवायचा. सर चष्मा काढून की-बोर्डवर ठेवायचे, डोळे चोळायचे आणि म्हणायचे, “नाव नाही विचारलं. गणितात घसा कोणाचा धरलाय?”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीचं कौतुक करत असतात आणि हे आचाऱ्याला विचारत असतात, पाक किती वेळ उकळला. आमचे सर त्यातलेच. त्यांच्याबरोबर चहा प्यायला गेलं की चहा निवायचा आणि टपरीवाला वैतागायचा.

ते आले २०१४ साली. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि केसपेपरवरचं छापील ‘ठाणे’ खोडून आम्ही वर हातानं ‘पालघर’ लिहीत होतो. तलासरीजवळ हमरस्त्याला लागून एका ट्रस्टचा कॅन्सरचा दवाखाना होता. तिथं मी किरणांचं मशीन चालवायचो, म्हणजे पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, बाहेर येऊन बटण दाबायचं आणि काचेतून बघत बसायचं. किरण कुठून सोडायचे, किती सोडायचे, किती दिवस सोडायचे याचा आराखडा सर कॉम्प्युटरवर करायचे. कोणी डॉक्टर म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे, मी डॉक्टर नाही, फिजिक्सवाला आहे म्हणून. पेशंट मान डोलवायचे आणि जाताना पुन्हा डॉक्टरच म्हणायचे.

मशीनबरोबर कंपनीचं सॉफ्टवेअर आलं होतं. ते स्कॅनवर लाल, पिवळे, निळे पट्टे काढून कुठं किती डोस पडेल ते दाखवायचं. आमच्या मॅडम, म्हणजे मुंबईहून आठवड्यातून चार दिवस येणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टर, ते चित्र निरखून बघायच्या. सर म्हणायचे, रांगोळी छान आहे, पण यातून माणसाचं पुढं काय होणार? त्या प्रश्नासाठी त्यांनी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. जुन्या लॅपटॉपवर ते चालायला इतका वेळ लागायचा की चालू करून आम्ही टपरीवर जायचो. परत येईपर्यंत दोन आकडे आलेले असायचे. गाठ जाण्याची शक्यता किती, हा पहिला. आणि गाठ जाता जाता माणसाचं आणखी काय काय जाईल त्याची शक्यता किती, हा दुसरा. लाळ सुकेल का, घास गिळता येईल का, आवाज राहील का. एकाच पेशंटचे दोन आराखडे असले तर कोणता घ्यायचा, हे ठरवायला मॅडम ते आकडे मागायच्या.

पण असे आकडे काढायला आधी कोणीतरी माणसं मोजलेली असावी लागतात. एवढ्या डोसाला इतक्यांचा घसा बिघडला, हे कुणाला तरी बघून लिहावं लागतं. ते लिहिलं होतं परदेशात, तिथल्या माणसांच्या घशावरून. सरांचं घोडं तिथं अडलं. डहाणूकडच्या गंजाड गावातल्या म्हाताऱ्याचं भविष्य परदेशातल्या घशावरून सांगायचं हे त्यांना पटेना. मग शनिवारी दुपारनंतर ते स्वतःची स्कूटर काढायला लागले. ज्यांची ट्रीटमेंट आमच्याकडे पूर्ण झाली होती त्यांच्या घरी जायचं, विचारायचं, लिहून आणायचं आणि आपल्या लोकांचा घसा गणितात घालायचा.

मागे मी बसायचो. मी तिथलाच. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर, भात आणि नागलीची शेती. पाड्यांवरची बोली मला येते आणि सरांना कुत्र्यांची भीती वाटते, अशी आमची जोडी जमली. सरांच्या एका खिशात पेन असायचं आणि दुसऱ्यात कुत्र्यांसाठी बिस्किटं. कुत्री शेपूट हलवत जवळ आली की हे आणखी घाबरायचे आणि सगळा पुडा एकदम टाकून द्यायचे. दोन वर्षांत आम्ही डहाणू आणि तलासरीतले बहुतेक पाडे पालथे घातले.

घरी गेलं की ओटीवर गोधडी अंथरायचे, पाणी यायचं, कोरा चहा यायचा. सर छापील कागद काढायचे. तोंड कोरडं पडतं का, घास अडकतो का, ठसका लागतो का. मी बोलीत विचारायचो. समोरचा माणूस हसून एकच सांगायचा, “बरा हाय.” मी सरांना सांगायचो, काही त्रास नाही म्हणतात. सर शून्य लिहायचे.

इथं माझं मला सांगायलाच हवं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसापुढं दुखणं काढत नाहीत. त्यातून तो दवाखान्यातला, एवढ्या लांबून आलेला, ज्यानं आपल्याला वाचवलं असं सगळे म्हणतात तो. त्याच्यापुढं घास उतरत नाही म्हणायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचं काम वाईट झालं म्हणायचं. माझा बाप झाडावरून पडून पाय मोडून पडला होता, तेव्हाही भेटायला आलेल्या प्रत्येकाला बरा हाय म्हणत होता. हे मला पाळण्यापासून माहीत होतं. तरी मी सरांना कधी बोललो नाही. सुरुवातीला सुचलं नाही. पुढं सुचलं तेव्हा सांगावंसं वाटलं नाही.

कारण निकाल मला आवडायला लागला होता. एक दिवस सर लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाले, “बघ, तुझ्या लोकांचा घसा चिवट आहे. परदेशातल्यांपेक्षा कितीतरी जास्त सोसतो.” एवढी वर्षं आमच्या माणसांबद्दल कागदावर जे काही लिहिलं गेलं ते कमीच्या रकान्यात. कुपोषण, शाळेतली गळती, अज्ञान. आता पहिल्यांदा कोणीतरी गणितानं दाखवत होतं की आम्ही कशात तरी पुढं आहोत. माझी छाती फुगली. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

सर राहायचे बोर्डीला, एका चिकूच्या वाडीतल्या मागच्या खोलीत. एकटेच. शेजारी मावशी राहायच्या, मुलगा आणि सुनेसोबत. मावशींनी तिथल्या वसतिगृहात पंचवीस-तीस वर्षं पोरांना जेवू घातलं होतं. आता वयामुळं काम सोडलं होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हता, म्हणून सरांचा डबा त्याच करायच्या. वालाची उसळ, तांदळाची भाकरी, कधी सुक्या बोंबलाची चटणी. घाटावरून आलेल्या सरांना बोंबील त्यांनीच खायला शिकवला. उसळीचा एक थेंब तळहातावर घ्यायच्या, जिभेनं टिपायच्या आणि मीठ बरोबर की नाही ते तिथंच ठरायचं. संध्याकाळी सर रिकामा डबा द्यायला गेले की विचारायच्या, “कसा होता आज?” सर म्हणायचे, छान. मग कुठं त्या स्वतः जेवायला बसायच्या.

२०१७ मध्ये मावशींच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. जन्मभराची मशेरी होती. सरांनीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात आणलं.

आराखडे दोन झाले. पहिल्यात गिळायचे स्नायू बरेचसे वाचत होते, पण गाठीच्या एका कडेला डोस थोडा कमी पडत होता. दुसऱ्यात गाठ पुरती वेढली जात होती आणि स्नायूंवर जास्त मार बसत होता. मॅडमचं मन पहिल्याकडे होतं. सरांनी दोन्ही आराखडे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. परदेशी घसा धरला तर दुसरा आराखडा धोक्याचा दिसत होता. आमचा घसा धरला तर धोका किरकोळ होता, आणि गाठ जायची शक्यता मात्र चांगली वाढत होती.

मॅडमनी विचारलं, “तुमची खात्री आहे?”

“या माणसांना मी स्वतः घरी जाऊन भेटलोय,” सर म्हणाले.

मॅडमनी दुसऱ्या आराखड्यावर सही केली. मी तिथंच उभा होतो. त्या खोलीत ‘बरा हाय’ म्हणजे काय ते माहीत असलेला मी एकटा होतो, आणि मी गप्प राहिलो.

सात आठवडे मावशी रोज आल्या. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून मी त्यांना टेबलाला जखडायचो. शेवटच्या आठवड्यात गळ्याची कातडी काळी पडून सोलली, बोलणं बंद झालं, खुणेनं चाललं. पण गाठ गेली. तीन महिन्यांनी मॅडमनी आत कॅमेरा घालून पाहिलं आणि सरांशी हात मिळवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशींनी पुन्हा डबा सुरू केला. सरांनी त्यांच्यापुढंही तो छापील कागद धरला, तर त्या म्हणाल्या, “बरा हाय, सर.” सरांनी शून्य लिहिलं.

२०१८ च्या गणपतीनंतर माझी बायको माहेरी गेली होती आणि मी डबा आणला नव्हता. सरांनी आपला डबा पुढं केला. पहिला घास घेतला आणि मला तो थुंकावा लागला. उसळीत मीठ नव्हतं, मिठात उसळ होती. सर शांतपणे जेवत होते.

“सर, हे खाता कसं?”

“सवय झाली.”

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. दहा महिने झाले असतील, म्हणाले. मावशींना सांगितलं नाही का? तर म्हणाले, “कशाला? एवढ्या दुखण्यातून उठल्या. रोज विचारतात कसं होतं. छान म्हटलं की त्यांना बरं वाटतं.”

एवढं बोलले आणि त्यांचा हात डब्यातच राहिला. किरणांनी चव जाते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, ते त्यांच्या कागदावर छापलेलंच होतं. पण ते चवीचा विचार करत नव्हते. उसळीकडे बघतच मला म्हणाले, “आपण गेलो तिथं सगळे बरा हाय म्हणाले. तू तिथला आहेस. खरं सांगत होते?”

“नाही, सर,” मी म्हटलं. “आमच्याकडे तसंच म्हणतात.”

ते चिडले नाहीत. चिडायला हवे होते, चार शब्द सुनावायला हवे होते. त्यांनी फक्त डबा झाकला आणि विचारलं की संध्याकाळी बोर्डीला येशील का. ते न चिडल्याचं मला आजही सोसत नाही.

बोर्डीला मावशी पडवीत बसल्या होत्या. सून दारात उभी होती. मावशींनी डबा घेतला, नेहमीसारखं विचारलं. सर त्यांच्यासमोर खाली बसले.

“मावशी, भाजी खारट होते. दहा महिने झाले. मी बोललो नाही.”

मावशींनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. सुनेकडे एकदा पाहिलं. त्यांचा आवाज किरणांनंतर घोगरा झाला होता, आणि तो त्यांनी आणखी खाली आणला.

“मंग मी पन सांगते. घास उतरत नाय माजा. पेज पिते, ती पन नाकातून येते. तुमाला सांगितला असता तर तुमाला वाईट वाटला असता.”

सून आत निघून गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून डबा आला नाही. ज्या हाताला मीठ कळत नाही त्या हातानं कोणाला जेवू घालू नाय, असा मावशींचा निरोप आला. सर जाऊन विनवून आले. मीठ सून घालेल, तुम्ही फक्त फोडणी द्या म्हणाले. मावशी हसल्या आणि नाही म्हणाल्या. घरातही त्यांनी पुन्हा चुलीला हात लावला नाही. स्वतःला घास जात नव्हता, पण दुसऱ्याला जेवताना बघून त्यांचं पोट भरत असावं. खरं बोलून आम्ही तेही काढून घेतलं. मला अजून वाटतं, आणखी काही महिने सरांनी खारट भाजी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? सरांना मी हे कधी विचारलं नाही.

त्या थंडीत आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. आज एक, चार दिवसांनी दोन. धक्का बसला की सर आधी मशीनकडे धावायचे, किरणांची रेघ केसभर तरी सरकली का ते मोजायचे, आणि खात्री झाल्याशिवाय पेशंटला आत घेऊ द्यायचे नाहीत. पाड्यांवर लोक घरात झोपायला भीत होते. ताडपत्र्या बांधून अंगणात राहत होते, तिथंच चूल, तिथंच जेवण. आणि सर पुन्हा स्कूटर काढून त्याच घरांना जायला लागले. या खेपेला छापील कागद नव्हता. आम्ही जेवणाच्या वेळेला जायचो, आग्रह झाला की जेवायला बसायचो आणि बघायचो. घराला भिंती होत्या तोवर जे आत होतं ते आता उघड्यावर होतं. भाकरी पाण्यात कुस्करून, तिचं पातळ करून, डोळे मिटून पिणारा माणूस आम्ही पाहिला. गंजाडला एक बाई प्रत्येक घासाला मान डावीकडे वळवून गिळत होती, कारण उजवीकडून घास जातच नव्हता. एक म्हातारा सगळ्यांची जेवणं झाल्यावर ताट घेऊन गोठ्यामागे गेला, कारण तो जेवताना होणारा आवाज नातवंडांना ऐकवत नव्हता. गेल्या खेपेला या सगळ्यांपुढं आम्ही शून्य लिहिलं होतं. सर कोणाला काही विचारत नव्हते. परत येताना रस्त्यात स्कूटर थांबवून लिहून घ्यायचे आणि मी दुसरीकडे बघत उभा राहायचो.

नवीन गणित पुरं झालं तेव्हा आमच्या लोकांचा घसा अजिबात चिवट निघाला नाही. परदेशातल्या माणसांचा बिघडतो तेवढाच बिघडत होता, थोडा जास्तच. सरांनी कागद मॅडमपुढं ठेवला आणि सांगितलं की मावशींना पहिला आराखडा द्यायला हवा होता, चूक माझी आहे. मॅडम म्हणाल्या, पहिला दिला असता तर कदाचित गाठ परत आली असती. सर म्हणाले, कदाचित. चूक अर्धी माझी होती हे सांगायला मी तोंड उघडलं, तर सरांनी मला मशीन गरम करायला पाठवलं.

मावशी मार्चमध्ये गेल्या. पेज चुकीच्या वाटेनं छातीत उतरायची, ताप यायचा, औषधानं उतरायचा, पुन्हा यायचा. शेवटचा उतरला नाही. गाठ मात्र परत आली नव्हती. सरांच्या सॉफ्टवेअरमध्ये गाठीचा रकाना वेगळा होता आणि मावशींच्या नावापुढं तो शेवटपर्यंत चांगलाच राहिला.

पावसाच्या आधी सरांनी नोकरी सोडली. कोणी म्हणतं घाटावर कॉलेजात शिकवतात, कोणी म्हणतं शेती बघतात. फोन लागत नाही. त्यांच्या खुर्चीवर आता दुसरा माणूस बसतो, हुशार आहे, कामाला चोख आहे, वेळेवर घरी जातो.

मला सर आठवतात ते मावशींच्या बाराव्याला. चिकूच्या वाडीत पंगत बसली होती. सर माझ्या शेजारी. सून वाढत होती. असल्या जेवणाला कोणी नावं ठेवत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ती ज्याच्या त्याच्यापुढं थांबून विचारत होती, आणि जो तो मान हलवून बरा झालाय म्हणत होता. आमच्यापर्यंत आली.

“सर, बरा झालाय ना जेवान?”

सरांनी भाताचा घास नीट चावून गिळला.

“वरणात मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

पंगतीतले हात थांबले. मावशींचा मुलगा लांबून बघायला लागला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सुनेनं पातेलं खाली ठेवलं. मग आत गेली, वाटीत मीठ घेऊन आली, सरांच्या पानात वाढलं आणि वाढणारीनं कधी बसू नये तशी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“आई मला कोनाला बोलू नको म्हनायची,” ती म्हणाली.

आणि ती सांगायला लागली. किरण संपले त्या दिवसापासून. पहिली पेज कशी केली, किती पातळ केली, ती कुठून बाहेर आली. रोज दुपारी दार लावून सासू कशी जेवायला बसायची आणि आत काय आवाज व्हायचे. सरांनी वही काढली नाही. हात पानात तसाच ठेवून ऐकत राहिले. आजूबाजूचे लोक उठले, हात धुतले, दुसऱ्या पंगतीची माणसं वाडीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. कोणी त्या दोघांना उठवलं नाही. तिचं सांगून व्हायचं होतं.